समुद्राजवळ घर आणि चांगली शाळा: आधी काय पक्कं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीमुळे वर्षभराच्या आत शहर बदलायचं आहे. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. समुद्रकाठचं एक उपनगर मनात भरलंय, तिथल्या शाळांचंही नाव आहे. दोन घरं पाहून झाली आहेत, एक थेट समुद्रासमोर आणि दुसरं चार गल्ल्या आत. सध्याचं घर विकून यांतलं एखादं लगेच विकत घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

कुटुंबांना नव्या शहरात बसवून देणं हेच माझं काम आहे, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगते. पहिल्या वर्षी दोन्हींपैकी कोणतंच घर विकत घेऊ नका. भाड्यानं राहा, समुद्रापासून जरा आत राहा, आणि घर ठरवण्याआधी शाळेतली जागा पक्की करा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आधी खिडकीतला समुद्र आवडतो, घराचा सौदा होतो, आणि मग त्या खिडकीच्या हिशेबानं शाळा, ऑफिस, येणं-जाणं सगळं कसंबसं बसवायला लागतात.

शाळेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. घराच्या जाहिरातीत ‘नामांकित शाळा पाच मिनिटांवर’ असं लिहिलेलं असतं. अंतर खरं असतं, पण त्यावरून तुमच्या मुलांना तिथे जागा मिळेलच असं नाही. जागा कशी देतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तरी मुख्य पद्धती चारच: नकाशावर आखलेली हद्द, घरापासूनचं अंतर, सोडत, नाहीतर परीक्षा. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत बहुतेक ठिकाणी हद्द चालते. एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूची मुलं एका शाळेत आणि उजव्या बाजूची दुसऱ्या शाळेत, असंही होतं. इंग्लंडमध्ये जागांपेक्षा अर्ज जास्त आले की बऱ्याच शाळा घरापासूनचं अंतर मोजतात. पण त्याआधी शाळेत शिकत असलेल्या मुलांची भावंडं वगैरेंचा हक्क लागतो, म्हणून शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली हा आकडा दरवर्षी हलतो. मागच्या वर्षी आत असलेलं घर यंदा बाहेर पडू शकतं. तेव्हा एजंटला विचारू नका. शाळेला किंवा शिक्षण खात्याला लेखी विचारा: पद्धत कोणती, मागच्या तीन वर्षांत शेवटची जागा कुठपर्यंत गेली, आणि हद्द बदलण्याचा काही प्रस्ताव आहे का.

अंतराचा नियम असेल तर किनाऱ्यावरची एक गंमत लक्षात घ्या. शाळेभोवती वर्तुळ काढलं की त्याचं जवळजवळ अर्धं पाण्यात जातं, आणि पाण्यातून कोणी अर्ज करत नाही. वस्ती सारखीच दाट धरली तर तेवढ्याच जागा भरायला शाळेला आतल्या बाजूला साधारण १.४ पट लांब जावं लागतं. म्हणजे शाळेसाठी किनाऱ्याला चिकटून राहण्याची गरज उलट कमीच. चार गल्ल्या आतल्या घराच्या बाजूनं हा पहिला मुद्दा.

दुसरी गोष्ट तारखांची. घर बदलायची तारीख तुमच्या हातात असते, प्रवेशाची नसते. इंग्लंडमध्ये सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळेत जायचं असेल तर अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला संपते आणि प्राथमिकसाठी १५ जानेवारीला. उशिरा आलेले अर्ज मागे पडतात. शैक्षणिक वर्षही सगळीकडे एकच नाही: युरोप-अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, जपानमध्ये एप्रिलला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. देश बदलत असाल तर मुलाचं अर्धं वर्ष पुढे-मागे होणार, हे गृहीतच धरा. शिवाय वयाची अट आहेच. इंग्लंडमध्ये वर्ग ठरवताना ३१ ऑगस्ट ही रेषा असते, जपानमध्ये १ एप्रिल. सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ही रेषा फार महत्त्वाची. एखाद्या आठवड्याच्या फरकानं ती एक इयत्ता मागे किंवा पुढे बसते आणि मग शाळा संपेपर्यंत तिथेच राहते.

भावंडांना प्राधान्य असतं म्हणून दोघांना एकाच शाळेत घालता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. पण बारा आणि सहा या वयांत बहुतेक ठिकाणी शाळाच दोन असतात, प्राथमिक वेगळी आणि माध्यमिक वेगळी. दोन दरवाजे, दोन वेळा, दोन रस्ते. मुलीला सोडायचं-आणायचं आहे, मुलगा एकटा जाणार आहे. म्हणून घर शोधताना मुलीच्या शाळेला जास्त वजन द्या. मुलाच्या शाळेसाठी वाट सुरक्षित असली की पुरे, थोडी लांब असली तरी चालते.

आता ‘चांगली शाळा’ म्हणजे काय. निकालाच्या टक्केवारीवर जाऊ नका. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा शाळांवरचा मोठा अहवाल आला. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीनं कितीतरी जास्त समजावता येतो, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष. त्यावर पुष्कळ वाद झाले, तरी एवढं खरंच की श्रीमंत, शिकलेल्या वस्तीतल्या शाळेचा निकाल चांगला दिसतो तो काही अंशी आत येणाऱ्या मुलांमुळे. समुद्रकाठची महागडी उपनगरं ही नेमकी अशीच वस्ती असते. म्हणून आत येताना मूल कुठे होतं आणि बाहेर पडताना कुठे पोचलं, हा आकडा जिथे मिळतो तिथे तो मागा. इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांसाठी २०१६ पासून ‘प्रोग्रेस ८’ नावाचं असं माप वापरात आलं. जिथे असं काही नसेल तिथे मी तीन प्रश्न विचारते. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला बसवून घ्यायला तुम्ही नेमकं काय करता? अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला मदत कोण करतं, आणि आठवड्यातून किती वेळ? पहिल्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मी त्या कुटुंबाला दुसरी शाळा दाखवते. आणि पालकांसाठी ठेवलेल्या खास दिवशी शाळा पाहायला जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा गोजिऱ्या दिसतात. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभं राहा. मोठी मुलं लहानांशी कशी वागतात, शिक्षक बाहेर येतात का, गाड्यांच्या गर्दीत रस्ता कसा ओलांडला जातो, सगळं दिसतं.

फुकटच्या चांगल्या शाळेची फी घराच्या किमतीत भरावी लागते हेही माहीत असू द्या. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेच्या हद्दीच्या अल्याडपल्याडची घरं तपासली. वस्ती तीच, रस्ते तेच, फक्त शाळा वेगळी. परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला साधारण अडीच टक्के जास्त मोजायला तयार होते. तुमची मुलगी शाळेत अजून बरीच वर्षं जाणार आहे, म्हणून तिच्यासाठी ती किंमत समजण्यासारखी आहे. पण हद्दीची रेषा सरकली तर त्या जादा पैशातले काही हवेत जातात, आणि रेषा सरकवणारे तुम्हाला विचारून सरकवत नाहीत.

मुलाच्या वयाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत एक प्रयोग झाला. अतिगरीब वस्तीतल्या कुटुंबांना बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी पुढे त्या मुलांच्या कमाईचा माग काढला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची विशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली, तर तेरानंतर हललेल्यांना फायदा नाहीच, उलट थोडा तोटा दिसला. ती कुटुंबं तुमच्यासारखी नव्हती, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नका. पण नव्या जागेचा फायदा तिथे किती वर्षं मिळतात त्यावर असतो आणि उपटून नेण्याचा त्रास मोठ्या वयात जास्त होतो, हे मी कामातही सतत पाहते. बारा हे अगदी काठावरचं वय आहे. हलायचंच असेल तर यंदा हला, दोन वर्षांनी नको. दोन-दोन वर्षांचे परीक्षा अभ्यासक्रम असतात (ब्रिटिश ए-लेव्हल, आयबी डिप्लोमा वगैरे), त्यांच्या मधोमध मुलाला उचलणं हा मी पाहिलेला सर्वांत महागडा उद्योग आहे.

शाळेचं एवढं पुरे. आता समुद्राकडे वळू.

दुरून डोंगर साजरे ही म्हण समुद्राला दुप्पट लागू पडते. लाटा फुटतात तेव्हा पाण्यातले बुडबुडे फुटून खारट तुषार हवेत उडतात. जड थेंब पहिल्या काही शे मीटरांतच खाली बसतात, बारीक कण वाऱ्याबरोबर आत जातात. उघडा किनारा, मोठ्या लाटा आणि समुद्रावरून येणारा वारा असेल तर मारा जास्त, शांत खाडी असेल तर कमी. हे मीठ नुसतं बसून राहत नाही, हवेतली ओल ओढून घेतं. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेला पाणी धरून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. म्हणजे पाऊस नसला, ऊन पडलेलं असलं, तरी धातूवरचा थर ओलाच राहतो.

यातली एक गोष्ट घर बघायला गेलेल्यांच्या ध्यानात येत नाही. पाऊस थेट लागतो तो भाग धुऊन निघतो. खरं नुकसान आडोशाला होतं: बाल्कनीच्या छताची खालची बाजू, छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटची मागची बाजू, जिन्याच्या कठड्याचे तळ. घर पाहताना मान वर करून बघायची सवय लावा. काँक्रीटला गजाच्या रेषेत लांब भेग गेली असेल, तपकिरी ओघळ असतील, किल्लीनं ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर मिठातलं क्लोराइड आतल्या गजापर्यंत पोचलं आहे असं समजा. गंज मूळ पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, त्या दाबानं काँक्रीट फुटतं. वरून गिलावा आणि रंग केला की वर्षभर काही दिसत नाही. म्हणूनच समुद्रासमोरची ताजी रंगवलेली इमारत पाहिली की मी दोन प्रश्न जास्त विचारते. इमारतीची शेवटची संरचना तपासणी कधी झाली? दुरुस्तीसाठी जमवलेला निधी किती, आणि येत्या पाच वर्षांत कोणता मोठा खर्च ठरलाय? उत्तर कागदावर मागा.

तुमचं समुद्रासमोरचं घर याच कारणानं मला नको वाटतं. घेणारच असाल तर बारीकसारीक गोष्टीही बघून घ्या. बाहेरचं स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचं आहे का, कारण स्वयंपाकघरात चालणारं ३०४ किनाऱ्यावर तपकिरी डाग धरतं. अॅल्युमिनियमच्या चौकटीत साध्या लोखंडी स्क्रूनी काम केलंय का? एसीच्या बाहेरच्या जाळीवर गंजरोधक लेप आहे का? खिडक्या महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवाव्या लागतील, गाडीचा तळही. जास्त मजल्यावर मीठ येत नाही हा समज सोडा, वर वारा जास्त असतो.

घरातली ओल हा आणखी एक ताप. पुस्तकं, चामडं, लाकडी वाद्यं, कपाटाच्या मागची भिंत यांना बुरशी धरते. घरात कोणाला दमा असेल तर हे हलक्यात घेऊ नका. समुद्राची हवा दम्याला चांगली असं सर्रास म्हणतात. बाहेरच्या हवेत परागकण आणि धूर कमी असू शकतो, पण घरात बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म कीटक दोन्हींना दमटपणा आवडतो. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेऊन घर पाहायला जा, कपाट उघडून आत ठेवा आणि मालकाशी गप्पा मारा. साठ टक्क्यांच्या फार वर आकडा दिसला तर हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचा आणि विजेचा खर्च भाड्यात धरूनच तुलना करा.

पुराबद्दल लोक ‘लाट घरापर्यंत येते का’ एवढंच विचारतात. क्वचितच येते. नेहमीचा त्रास असा: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, त्याच वेळी जोराचा पाऊस, आणि समुद्रात उघडणारी गटारं भरतीच्या पाण्यानं तुंबलेली. पावसाचं पाणी जायला वाट नाही, रस्ता भरतो. वादळ असेल तर हवेचा दाब दर १ हेक्टोपास्कल उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटीमीटर चढते, आणि वाऱ्यानं ढकललेलं पाणी वेगळंच. जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटीमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगानं, असं हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालात आहे. भर घालून केलेली जमीन खचतही असेल तर तो वेग त्यात मिळवा. तुम्ही फक्त घराची नाही, घर ते शाळा या रस्त्यातल्या सर्वांत खोलगट जागेची उंची बघा. घर कोरडं आणि रस्ता पाण्यात, अशी पाळी किनाऱ्यावर बऱ्याचदा येते. सौदा करण्याआधी पुरासकट विम्याचा दर लेखी मागवा. विमा कंपनी नकार देत असेल किंवा दर अंगावर येत असेल, तर आणखी कोणाला विचारायची गरज राहत नाही.

एक बाजू पाण्याची, त्यामुळे किनाऱ्यावरच्या उपनगराला बाहेर पडायच्या वाटा थोड्या. बऱ्याचदा किनाऱ्यालगत एकच मोठा रस्ता किंवा एकच रेल्वेमार्ग असतो. दवाखाना, दुसरी शाळा, नोकरी, सगळं एकाच दिशेला, आणि सुटीच्या दिवशी सगळं शहर त्याच वाटेनं तुमच्या दारात येतं. ऑफिसचा प्रवास रविवारी मोजू नका. कामाच्या दिवशी सकाळी आणि हंगामातल्या शुक्रवारी संध्याकाळी तोच रस्ता करून बघा.

भाड्यानं राहा म्हणते त्यामागचं मोठं कारण ऋतू हे आहे. घरं चांगल्या हवेत दाखवली जातात. वाईट हंगामात तिथे कसं असतं हे राहिल्याशिवाय कळत नाही: वारा रात्रभर खिडक्या वाजवतो का, वाळू घरात येते का, दुकानं बंद होतात का. पर्यटनावर चालणाऱ्या ठिकाणी हंगाम संपल्यावर, मधल्या वारी, रात्री आठ वाजता एक चक्कर मारा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. निम्म्या इमारती काळोखात असतील तर ती सुटीची घरं आहेत. तिथे मुलीला शेजारी खेळगडी मिळणार नाही, आणि शाळेचा पटही हळूहळू उतरत जाईल. भाडेकरारातही एक खोच असते. काही मालक हंगामाबाहेर कमी भाड्यानं घर देतात आणि हंगाम आला की पाहुण्यांसाठी परत मागतात. करार पूर्ण शैक्षणिक वर्षाचा हवा, आणि पत्ता शाळेच्या हद्दीत किंवा अंतरात बसणारा हवा. काही ठिकाणी भाड्याचा पत्ता प्रवेशासाठी चालतो पण किमान मुदत लागते, तेही आधीच विचारून घ्या. सध्याचं घर विकू नका, वर्षभर भाड्यानं द्या. परतीची वाट उघडी असली की घरातली भांडणंही कमी होतात.

पोहण्याचं मात्र आजपासून सुरू करा, दोघांचंही. तलावात पोहता येणं समुद्राला पुरत नाही. किनाऱ्यापासून आत ओढून नेणारा जो अरुंद प्रवाह असतो, रिप करंट, तो सेकंदाला दोन मीटरपेक्षाही जास्त वेगानं वाहू शकतो, आणि त्याविरुद्ध पट्टीचे पोहणारेही टिकत नाहीत. त्याच्याशी झगडायचं नाही, तरंगायचं, हात वर करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, हे मुलाला पाठ हवं. बारा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर नव्या मित्रांबरोबर पाण्यावर जाणारच, आणि ती मुलं तिथेच वाढलेली असतात. जीवरक्षक कोणत्या महिन्यांत आणि किती वाजेपर्यंत असतात, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

राहिला प्रश्न कधी पोचायचं याचा. बहुतेक पालक सुटी सुरू होताच सामान हलवतात, मुलांना रुळायला वेळ मिळेल म्हणून. मला ते पटत नाही. सुटीत किनारा पाहुण्यांनी भरलेला असतो आणि भावी वर्गमित्र आपापल्या गावी गेलेले असतात, त्यामुळे मुलं दोन महिने आईवडिलांच्या तोंडाकडे बघत बसतात. शाळेनं परवानगी दिली तर सत्र संपायच्या दोन-तीन आठवडे आधी पोचा आणि तेवढे दिवस मुलांना वर्गात बसू द्या. अभ्यास काही होणार नाही, पण चार नावं कळतील, दोन फोन नंबर मिळतील, आणि सुटीत दार वाजवायला कोणीतरी येईल. शाळांना पत्र लिहाल तेव्हा हाही प्रश्न त्यातच घाला.